साहित्याची तुलना : कशी व कशासाठी?

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन वाङ्मयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास घरी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : "इंग्रजी घेणार की मराठी?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्यात असे गृहीत धरलेले असते की, एका भाषेचे वाङ्मय आणि दुसऱ्या भाषेचे वाङ्मय यांच्यामध्ये भिंत उभी आहे. निरनिराळ्या देशांचे व भाषांचे साहित्य शेजारी शेजारी ठेवून वाचणारी विद्येची एक शाखा आहे. तिला तौलनिक साहित्याभ्यास म्हणतात. तिची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जर्मन कवी गटे याने १८२७ साली एक चिनी कादंबरी वाचून, यापुढे विश्वसाहित्याचे युग येणार, असे भाकीत केले. रवीन्द्रनाथ ठाकुरांनी १९०७ साली कलकत्त्यास 'विश्वसाहित्य' या विषयावर व्याख्यान दिले. पुढे १९५६ साली तेथील जादवपूर विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्या मुंबई विद्यापीठातही गुरुदेव टागोर यांच्या नावाचे तौलनिक साहित्याचे अध्यासन स्थापन झाले. १९७४ ते १९८२ या काळात कवी वसंत बापट यांनी ते भूषविले व 'तौलनिक साहित्याभ्यास' हा ग्रंथही लिहिला. पुढे 'कोसला'कार भालचंद्र नेमाडे हेही त्या अध्यासनावर होते.

'तौलनिक' हा शब्द कानी पडताच वाण्याचा तराजू डोळ्यांपुढे येतो, आणि कोणते पारडे जड एवढेच पाहावयाचे असा समज होतो. शेक्सपिअर मोठा की कालिदास, असले वाद वक्तृत्वसभेत रंगतात. अभ्यासात त्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे दोन प्रकारचे विद्यार्थी आढळतात. इंग्रजीची गोडी लागताच एकास मराठी वाङ्मय क्षुद्र वाटू लागते; दुसरा, जगातील सर्व उत्तम विचार आपल्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवले आहेत, या समजुतीत तृप्त असतो. दोघांचाही परिणाम एकच होतो : वाचन थांबते. खरी तुलना या दोन्ही दोषांवर औषध आहे. ती कशी करावी, हे तीन उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण कथेच्या प्रवासाचे. 'पंचतंत्र' आपण बाळपणीच ऐकतो. सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहासाठी त्याचे पहलवी भाषेत भाषांतर झाले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्यावरून अरबीत 'कलीला व दिम्ना' हा ग्रंथ रचला. त्यावरून हिब्रू, हिब्रूवरून लॅटिन, अशी मजल दरमजल करीत या गोष्टी युरोपात पोहोचल्या. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६७८ साली आपण हिंदी ऋषी पिल्पे याचे ऋणी असल्याचे मोकळेपणी लिहिले. प्रत्येक मुक्कामी कथेचा पोशाख पालटला. तो का पालटला, हे शोधणे अभ्यासकाचे काम होय.

दुसरे उदाहरण रूपांतराचे. राजा लिअर हे शेक्सपिअरचे नाटक १६०६ साली राजदरबारी झाले, वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. दोन्ही नाटकांत वृद्ध पिता हयातीतच सर्वस्व मुलांस देऊन टाकतो व निराश्रित होतो. एवढे साम्य कोणासही दिसेल. आता भेद पाहा. लिअर खरोखरीचा राजा आहे. अप्पासाहेब बेलवलकर रंगभूमीवरील राजा. लिअरची राणी नाटकात कोठेच नाही. अप्पासाहेबांची पत्नी कावेरी मात्र त्यांच्या अपमानाची वाटेकरी आहे. मराठी कुटुंबातील वार्धक्य एकट्याचे नसते, दोघांचे असते, हे शिरवाडकरांनी जाणले. लिअरला स्पष्ट बोलणारी पण निष्ठावंत अशी तिसरी कन्या कॉर्डेलिया आहे. अप्पासाहेबांस मुलगा व मुलगी अशी दोनच अपत्ये. त्यामुळे त्यांना मायेचा आसरा मिळतो, तो बूटपॉलिश करणाऱ्या परक्या पोराकडून. लिअर शेजारी ठेवल्यावाचून हा बदल केवढा अर्थपूर्ण आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनीही ही दोन नाटके वाचावीत.

तिसरे उदाहरण अधिक जुने, आणि परस्परांशी काही संबंध नसलेल्या दोन कवींचे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला व तेथील भाषा शिकला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली, म्हणजे शेक्सपिअर वारला त्याच वर्षी, रोमन लिपीत छापले गेले. १६१९ साली तो निवर्तला तेव्हा मिल्टन दहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ साली प्रसिद्ध झाले. आदम-एवेच्या अधःपाताची कथा दोघांनीही बायबलातूनच घेतली. मिल्टनसमोर होमर व व्हर्जिल यांचे आदर्श होते. म्हणून त्याने कथेस मध्यापासून आरंभ केला व निर्यमक छंद वापरला. स्टीफन्ससमोर पुराण ऐकण्यास सरावलेले श्रोते होते. म्हणून त्याने कथा क्रमाने सांगितली, श्रोत्याने शंका विचारावी व वक्त्याने तिचे निरसन करावे ही पद्धत उचलली, आणि तीन सयमक चरणांची व आखूड चौथ्या चरणाची ओवी स्वीकारली. परदेशी मनुष्यास हजारो ओव्या रचाव्याशा वाटल्या, यावरून त्या छंदाचे सामर्थ्य आपल्याच ध्यानी नव्याने येते.

या अभ्यासास पहिले साधन भाषा. माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी उमर खय्यामच्या रुबायांचे एक भाषांतर मूळ फारसीवरून केले व ते १९२९ साली प्रसिद्ध झाले. फिट्झजेराल्डच्या इंग्रजी काव्यावरून 'द्राक्षकन्या' हे दुसरे भाषांतर १९३१ साली निराळे छापले. एकाच कवीने एकाच विषयावर दोनदा श्रम का केले? मूळ आणि भाषांतर ही दोन स्वतंत्र काव्ये आहेत, हे त्यांस ठाऊक होते म्हणून. मातृभाषा, इंग्रजी व आणखी एक भाषा, एवढी शिदोरी तरी हवीच.

येथे आपल्या उपनगरांतील मुलांचे भाग्य मोठे आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, कोंकणी, हिंदी, तमिळ कानी पडतात. कलिना येथील विद्यापीठाच्या आवारात संस्कृत, पाली, उर्दू, फारसी, जर्मन, फ्रेंच, रशियन अशा भाषांचे विभाग आहेत. अंधेरीहून ते अंतर फारसे नाही.

"पण यातून पोट भरेल काय?" ही पालकांची शंका टाळता येण्यासारखी नाही. अध्यापन, भाषांतर, संपादन, प्रकाशन व वृत्तपत्रे येथे या विद्येचा उपयोग होतो. तथापि ती श्रीमंतीची वाट आहे असे कोणी सांगू नये. ज्यास पुस्तकाची खरी ओढ आहे आणि जो नवी भाषा शिकण्याच्या कष्टास भीत नाही, त्यानेच या वाटेस लागावे. आणि असा मुलगा वा मुलगी घरात असेल, तर तिला केवळ धास्तीपोटी अडवू नये.

विद्यापीठात जाईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. येत्या सुटीत एखादी कथा दोन भाषांत मिळवा. वहीच्या पानावर तीन स्तंभ आखा : काय ठेवले, काय वगळले, काय नवे घातले. ते भरून झाले की खाली लिहा : असे का केले असावे? उत्तर घाईने देऊ नका. दोन्ही पुस्तके पुन्हा एकदा वाचा व मग लिहा.