फळांचा थंड चहा : घरीच करून पाहा

उन्हाळ्यात कोगनोळीतून महामार्गाकडे गेलात की बाटल्यांतील थंड चहा खुणावतो. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात हा चहा फार लोकप्रिय झाला. त्याआधीही तो तिथे पीत असत. आपल्या घरी तो कैरी-आमसुलांवर उत्तम होतो.

एक लिटर पाणी उकळून खाली उतरवा, मगच तीन छोटे चमचे चहापूड टाका आणि झाका. चार मिनिटांनी गाळा. आपल्या सवयीप्रमाणे खळखळून उकळलात तर तुरट होईल, आणि तुरटपणा झाकायला इथे दूध नाही. (दूध घालूही नका, आंबटाने फाटेल.) गरम असतानाच साखर विरघळवा. चहा निवल्यावर उकडलेल्या कैरीचा गर किंवा भिजवलेल्या आमसुलांचे पाणी मिसळा. एकदम थंड केल्यास चहातील टॅनिन व कॅफिन एकत्र येऊन तो गढूळ दिसतो. पिण्यास हरकत नाही.

एक गंमत पाहा. काचेच्या पेल्यातील कोऱ्या चहात लिंबू पिळा. रंग लगेच फिका होतो, कारण चहातील रंगद्रव्ये आम्लात रंग बदलतात.

पालकांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच लावावा; गाड्यावरच्या बर्फाचे पाणी कुठले, हे कळत नाही. दुसरे, टॅनिनमुळे भाजी-भाकरीतील लोह अंगी कमी लागते. वाढत्या वयाच्या मुलींना तर लोहाची गरज अधिक. म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको. लहानग्यांच्या पेल्यात चहा न घालता नुसते पन्हे द्यावे.