वेल्डिंग मशीन घेण्याआधी

जळगावहून धुळ्याला एसटीने जाताना एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावं लागतात, आणि हायवेच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर एखादी पत्र्याची शेड दिसते. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा उलटा टाकलेला असतो, एक-दोन कल्टिव्हेटर पडलेले असतात आणि आतून निळा-पांढरा लखलखाट होत असतो. खानदेशातल्या शेतीची निम्मी दुरुस्ती अशा शेडमध्येच होते. आपण मेकॅनिकलवाले मात्र वेल्डिंग शिकतो ते वर्कशॉपच्या एका जॉबपुरतं आणि परीक्षेतल्या सहा मार्कांच्या प्रश्नापुरतं.

माझा मावसभाऊ पारोळ्याकडे सहा वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला होता. आता त्याने स्वतःची शेड टाकायचं ठरवलंय. हातात पन्नास हजार रुपये, तेही वहिनीची पोत गहाण ठेवून काढलेले. त्याने मला विचारलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग, मशीन कोणतं घेऊ?" हा प्रश्न कुठल्याच पेपरला आलेला नाही. पुस्तक, आमच्या वर्कशॉपचे सर आणि दुकानदारांची माहितीपत्रकं घेऊन मी आठवडाभर बसले, त्यातून हा लेख झाला. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द जास्त येतील. पण शेडमध्येही रॉड, होल्डर, अर्थिंग, टॅक असंच बोलतात, म्हणून फार वाईट वाटून घेत नाही.

जोड कसा होतो

जळगावच्या सराफ बाजारात सोनार दागिन्याला डाक देतो तेव्हा दागिन्याचं सोनं वितळत नाही. त्याहून कमी तापमानाला वितळणारी डाक फटीत शिरते आणि दोन तुकडे धरून ठेवते. हे सोल्डरिंग किंवा ब्रेझिंग. (सोन्यातला 'केडीएम' हा शब्द कॅडमियम मिसळलेल्या डाकेवरून आला. त्याचा धूर फुप्फुसाला आणि किडनीला घातक असल्यामुळे ती डाक मागे पडली.) वेल्डिंगमध्ये दोन्ही कडा स्वतः वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि थिजून एकच धातू होतात. रूळ जागेवर जोडायला रेल्वे थर्मिट वापरते. त्यात करंटसुद्धा लागत नाही, ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड पेटवला की वितळलेलं लोखंड तयार होऊन साच्यात उतरतं. ते आपल्या शेडचं काम नाही, म्हणून इथेच सोडते.

शेडमध्ये चालते ती आर्क वेल्डिंग. रॉडचं टोक आणि जॉब यांच्यामध्ये जी ठिणगी टिकवून धरतात तिचं तापमान ६००० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं आणि पोलाद वितळतं साधारण १५०० अंशाला. म्हणजे उष्णता भरपूर आहे, अडचण हवेची आहे. वितळलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं, मग जोड सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. रॉडवरचं कोटिंग यासाठीच असतं. ते जळून गॅसचं आवरण तयार करतं आणि उरलेला स्लॅग गरम जोडावर पांघरुणासारखा बसतो. दुसरा थर देण्याआधी स्लॅग ठोकून, ब्रश मारून काढला नाही तर तो आतच अडकतो. वरून माळ सुंदर दिसते आणि आत काच भरलेली असते.

रॉडच्या पुड्यावरचा नंबर वाचायला शिकणं सोपं आहे. ६०१३ मधले ६० म्हणजे जोडाची ताकद किमान ६० हजार पौंड प्रति चौरस इंच, पुढचा १ म्हणजे रॉड सगळ्या पोझिशनमध्ये चालतो आणि शेवटचे दोन आकडे मिळून कोटिंग आणि करंटचा प्रकार कळतो. दुकानात मात्र '१० नंबर द्या' म्हणतात. हा गेज नंबर आहे: १२ नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.१५ आणि ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. साधारण हिशोब असा की एक मिलिमीटर जाडीला ३५ ते ४० अँपिअर. म्हणजे १० नंबरला ११० ते १२५, ८ नंबरला १४० ते १६०.

आता मशीन

मावसभावाच्या मनात जुना तेलाचा किंवा एअर-कूल्ड ट्रान्सफॉर्मर होता, कारण तो ज्या शेडमध्ये शिकला तिथे तोच होता. "पडला, भिजला तरी चालतो" हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण हिशोब करून बघितला. १२० अँपिअरच्या आर्कला व्होल्टेज साधारण २५ असतं, म्हणजे प्रत्यक्ष लागणारी पॉवर ३ किलोवॅट. ट्रान्सफॉर्मरचं ओपन सर्किट व्होल्टेज ७५ धरलं तर तो लाईनवरून ७५ गुणिले १२०, म्हणजे ९ केव्हीए ओढतो. ४१५ व्होल्टच्या दोन फेजवर हे जवळजवळ २२ अँपिअर झाले, पण सिंगल फेजच्या २३० व्होल्टवर ३९ अँपिअर होतात. इतकं गावातली साधी लाईन देत नाही. इन्व्हर्टर मशीन आधी एसीचं डीसी करतं, मग ते हजारो हर्ट्झने चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतं. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो, हे आपण इलेक्ट्रिकलच्या पेपरात लिहितो. म्हणूनच ते मशीन खांद्याला अडकवता येतं. तीच आर्क ते सिंगल फेजवर २०-२२ अँपिअरमध्ये देतं.

पण 'इन्व्हर्टर' एवढाच शब्द ऐकून पैसे देऊ नका. नेमप्लेटवर ड्यूटी सायकल बघा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं विश्रांती. दुसरा करंट काढायचा असेल तर करंटच्या गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा. २०० ला ६० टक्के असलेलं मशीन १५५ अँपिअरला न थांबता चालेल. याउलट डब्यावर मोठ्या अक्षरात २०० लिहिलेलं आणि नेमप्लेटवर बारीक अक्षरात '१६० ला ३० टक्के' असलेलं मशीन ८ नंबरच्या रॉडवर दहातली तीनच मिनिटं देईल. हाताच्या वेल्डिंगमध्ये रॉड बदलणं, स्लॅग ठोकणं यात वेळ जातोच, त्यामुळे ६० टक्के पुरेसे आहेत. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. हे रेटिंग ४० अंश सेल्सिअस हवेसाठी देतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. म्हणजे आपल्याकडे छापील ड्यूटी सायकल उन्हाळ्यात तेवढी मिळत नाही. मशीन शेडच्या मागे कोपऱ्यात न ठेवता वारा लागेल असं, आणि ग्राइंडिंगच्या धुळीपासून लांब ठेवायचं. लोखंडाची बारीक पूड आतल्या सर्किट बोर्डवर बसली की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

केबलकडे कोणी बघत नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० मीटर ओढली तर जाऊन-येऊन ६० मीटर, रेझिस्टन्स सुमारे ०.७३ ओहम. २२ अँपिअरला १६ व्होल्ट वायरमध्येच गेले. गावात संध्याकाळी आधीच २०० व्होल्ट येत असतील तर मशीनपर्यंत १८४ पोचतात, मग 'मशीन खराब निघालं' म्हणून दुकानदाराशी भांडण. अडीचची वायर घेतली तर हाच तोटा दहा व्होल्टच्या आत येतो. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते आणि पंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंग करणं नियमात बसत नाही, हेही त्याला सांगितलं. ते त्याला आवडलं नाही.

मिग म्हणजे सीओटू वेल्डिंग जलद आणि शिकायला सोपी. पण तिचं आवरण म्हणजे नळीतून येणारा गॅस, आणि हायवेच्या उघड्या शेडमध्ये वारा आला की तो उडून जातो. बंद जागेत, एकसारखं काम असेल तर मिग घ्यावी. टिग स्टेनलेसच्या नाजूक कामाला. ट्रॉलीवाल्याला दोन्हींची आज गरज नाही.

जोडाच्या बाजूला का तुटतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेडमध्ये अभिमानाने सांगतात, "आमचं वेल्डिंग नाही तुटलं भो, बाजूचं लोखंड तुटलं!" साध्या एमएसच्या पट्टीला हे खरोखर कौतुक आहे. पण मावसभावाने मला ट्रॉलीचा एक तुटलेला हुक दाखवला, त्यात माळेला चिकटून एकदम सरळ, चकचकीत तडा होता, वाकल्याची खूण कुठेच नाही. असा तडा वेल्डिंगचाच दोष असतो.

कारण असं. साध्या एमएसमध्ये कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. हुक, शाफ्ट, पिन हे बऱ्याचदा ईएन ८ सारख्या पोलादाचे, त्यात कार्बन ०.४ टक्के. त्यात मँगेनीजचा सहावा भाग मिळवला की कार्बन इक्विव्हॅलंट ०.५ च्या वर जातो. अशा जाड, थंड तुकड्यावर माळ मारली की आजूबाजूचं थंड लोखंड उष्णता ओढून घेतं आणि जोडाशेजारचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा पाण्यात बुडवल्यासारखा झटकन थंड होतो. आपण हार्डनिंगमध्ये मुद्दाम करतो तेच इथे नकळत होतं: मार्टेन्साइट, कडक आणि काचेसारखं ठिसूळ. त्यात रॉड दमट असेल तर ओलाव्यातला हायड्रोजन त्या पट्ट्यात शिरतो. मग तडा तेव्हाच दिसत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही जातो. ट्रॉली संध्याकाळी दुरुस्त होते, रात्री कापूस भरून निघते आणि हुक चढावावर सुटतो. मागे कोण मोटारसायकलवर आहे, हे नशिबावर.

उपाय अवघड नाही, वेळखाऊ आहे. तुकडा आधी दीडशे-दोनशे अंशापर्यंत तापवायचा (तापमान दाखवणारा खडू मिळतो), ७०१८ हा लो-हायड्रोजन रॉड वापरायचा, तोही पुड्यावर लिहिल्याप्रमाणे साधारण ३०० अंशाच्या पुढे ओव्हनमध्ये वाळवलेला, आणि नंतर जॉब कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू थंड होऊ द्यायचा. फॅनखाली नाही, पाणी तर अजिबात नाही. इथे मशीनचा प्रश्न पुन्हा येतो. ७०१८ डीसीवर, होल्डर पॉझिटिव्हला लावून, शांत चालतो. कमी ओपन सर्किट व्होल्टेजच्या जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरवर तो सारखा विझतो, म्हणून कारागीर वैतागून पुन्हा ६०१३ उचलतो. माझ्या मते इन्व्हर्टर घ्यायचं खरं कारण वजन किंवा वीज नसून हे आहे.

मावसभावाचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. "गिऱ्हाईक उभं असतं. तासभर तापवत बसलो तर ते पुढच्या शेडला जाईल." मी म्हटलं, दादा, मग हुकाचं काम घेऊ नकोस, नवीन हुक बसवायला सांग. तो म्हणाला, बघू. अजून बघतोच आहे.

कटिंग

गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळवून कापतात असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ते जाळतात. लोखंड ९०० अंशाच्या आसपास लालबुंद झालं की शुद्ध ऑक्सिजनच्या झोतात पेटतं, आणि तयार होणारा ऑक्साइड लोखंडापेक्षा आधी वितळत असल्यामुळे झोताबरोबर उडून जातो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूपेक्षा खूप उशिरा वितळतो, तो वाटेत अडतो, म्हणून तिथे प्लाझ्मा लागतो. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही, मोठ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते आपोआप पेटू शकतं. ॲसिटिलीनचा मरून सिलिंडर उभाच ठेवायचा, कारण आत ॲसिटोन असतं. घरचा लाल सिलिंडर शेडमध्ये आणणं बेकायदा आहे.

ट्रॉलीच्या अँगल-चॅनलला १४ इंची चॉप सॉ आणि एक ४ इंची ग्राइंडर पुरतो. जाड प्लेट महिन्यातून एक-दोनदाच येते, ती दुसरीकडून कापून आणणं स्वस्त. चॉप सॉचं चाक ३८०० आरपीएमने फिरतं, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ७० मीटर, ताशी अडीचशे किलोमीटर. मधल्या धातूच्या रिंगवर एक्सपायरी छापलेली असते, ती बघा, आणि गार्ड काढून काम करू नका.

धूर आणि डोळे

गॅल्व्हनाइज्ड पाईपवर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो तो झिंकचा. रात्री थंडी वाजून ताप येतो. गूळ किंवा दूध घेतल्याने तो धूर उतरत नाही. कोटिंग आधी घासून काढणं आणि उघड्यावर काम करणं हाच उपाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला.

शेवटी हॉस्टेलवाल्यांसाठी. वर्कशॉपमध्ये मित्राचं वेल्डिंग बघायला आपण उभे राहतो आणि काच एकाच्याच हातात असते. १० किंवा ११ नंबरची काच नसेल तर बघू नका, बाजूने चोरूनही नाही. त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्यांनी थंड वाटतं, बरं होत नाही. अंधारात डोळे मिटून पडा, चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. साधारण एक-दोन दिवसांत आराम पडतो. रूममेटकडचे बधिर करणारे ड्रॉप्स मात्र घालू नका. त्याने दुखणं थांबतं, पण बुबुळावरचा पडदा भरून यायला उशीर होतो.