उजवी कडा कोठे संपते? संगणकावरील आयताचा एक धडा

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत संगणकाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही इतिहासाचे पदव्युत्तर. संगणक कक्षाची जबाबदारी आमच्याकडे आली ती शिक्षकाची जागा रिक्त राहिल्यामुळे. पायथॉन ही संगणकभाषा आम्ही मुलांच्याच बाकावर बसून शिकलो. त्या काळातील एक प्रसंग आमच्या मनात घर करून राहिला आहे. तो येथे धड्याच्या रूपाने मांडीत आहोत.

इयत्ता नववीच्या काही विद्यार्थिनींनी वसतिगृहातील खाटांचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर काढावयाचे ठरविले. एका ओळीत दहा खाटा, प्रत्येक खाट म्हणजे 60 पिक्सेल रुंदीचा, आळीपाळीने दोन रंगांनी भरलेला आयत. वर खोलीच्या नावाची 600 पिक्सेल रुंदीची पट्टी. हिशेब चोख होता. प्रत्यक्षात मात्र खाटांची ओळ पट्टीच्या 9 पिक्सेल अलीकडेच संपली. मुलींनी तीन वेळा तपासले. अखेरीस त्यांच्यापैकी एक खाली मान घालून म्हणाली, “सर, आमचंच काहीतरी चुकलं असणार. एवढी मोठी लायब्ररी कशी चुकेल?”

हे वाक्य आम्हास बोचले. ज्यांच्या घरातील पहिलीच पिढी शाळेत आली आहे, त्या मुलांच्या तोंडी ते वारंवार येते. छापील ते खरे आणि आपली मोजणी खोटी, असे ती आधीच गृहीत धरतात. म्हणून त्या दिवशी आम्ही इतिहासाचा तास सोडून आयताचा तास घेतला.

खिडक्या, बटणे, चित्रे पडद्यावर उभी करण्यासाठी तयार साधनांचा जो संच मिळतो, त्यास लायब्ररी म्हणतात. मुलींनी वापरलेली लायब्ररी ‘क्यूट’ ही होती. हावर्ड नॉर्ड व ऐरिक चांबे-एंग या नॉर्वेच्या दोघांनी तिचे काम 1991 मध्ये आरंभिले आणि 1995 मध्ये ती प्रथम लोकांसमोर आली. तिच्यात भूमितीच्या कामासाठी काही लहान लहान साहाय्यक क्लास आहेत. क्यूपॉइंट म्हणजे बिंदू. तो x आणि y हे दोन पूर्णांक जपतो. क्यूसाइझ म्हणजे आकारमान, अर्थात रुंदी आणि उंची. क्यूरेक्ट म्हणजे आयत. तो डावी बाजू, वरची बाजू, रुंदी आणि उंची यांवरून तयार होतो.

येथे पाठ्यपुस्तकातील भूमितीहून पहिला भेद दिसतो. वहीतील आलेखात y वर जाताना वाढतो. पडद्यावर आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि y खाली जाताना वाढतो. हा भेद लक्षात घेतला की खिडकीतील अर्धा गोंधळ ओसरतो.

आता मुलींच्या 9 पिक्सेलकडे वळू. एक खाट संपली की पुढची कोठून सुरू करावयाची, हे त्यांनी आयतालाच विचारले होते. त्यासाठी ‘राइट’ नावाची सोय आहे. पहिली खाट 0 पासून 60 रुंदीची. तिची उजवी कडा 60 असावी, असे कोणीही म्हणेल. क्यूरेक्ट मात्र उत्तर देतो 59. दुसरी खाट त्यामुळे 59 पासून सुरू झाली आणि दोन्ही खाटा एका पिक्सेलने एकमेकींवर चढल्या. दहा खाटांत असे नऊ सांधे. नऊ सांध्यांत 9 पिक्सेल गेले. दहावी खाट 540 ऐवजी 531 पासून सुरू झाली.

59 हे उत्तर आले कोठून? आम्ही फळ्यावर एक साधा प्रश्न लिहिला. शिबिर 5 तारखेला सुरू झाले आणि 14 तारखेला संपले, तर ते किती दिवस चालले? वजाबाकी 9 सांगते, पण भोजनाच्या पंगती 10 दिवस बसल्या. 14 ही शेवटच्या दिवसाची तारीख आहे. शिबिराची सीमा त्या दिवसाच्या अखेरीस, म्हणजे 15 तारीख लागताना येते. क्यूरेक्टचे ‘राइट’ शेवटच्या पिक्सेलचा क्रमांक सांगते. 0 पासून मोजलेल्या साठ पिक्सेलांत शेवटचा क्रमांक 59. मुलींना हवी होती ती सीमा, म्हणजे 60. खालच्या बाजूसाठी असलेल्या ‘बॉटम’चीही हीच रीत.

त्यानंतर आम्ही त्या लायब्ररीची अधिकृत माहितीपुस्तिका उघडली. तेथे स्वतः रचनाकारांनीच कबूल केले आहे, की हे उत्तर आयताच्या खऱ्या उजव्या कडेशी जुळत नाही आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. खरी कडा हवी असल्यास डाव्या बाजूत रुंदी मिळवावी, ‘राइट’ व ‘बॉटम’ टाळावेत, असा सल्लाही तेथे दिला आहे. ‘ऐतिहासिक कारण’ हे शब्द संगणकाच्या पुस्तिकेत भेटल्यावर आम्हास किती आनंद झाला, हे सांगावयास नको. आरंभी एक निर्णय झाला. त्यावर असंख्य प्रोग्राम उभे राहिले. आता तो बदलावा, तर ते सारे बिघडतात. म्हणून जुना निर्णय तसाच राहिला. 2005 मधील चौथ्या आवृत्तीत दशांश संख्यांचा क्यूरेक्टएफ हा क्लास आला. तो त्याच खाटेची उजवी कडा 60 सांगतो. एकाच घरात दोन भावंडे एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देतात, आणि कारण ठाऊक असेल तर दोघांशीही व्यवहार करता येतो.

हा धडा एका ‘राइट’पुरता नाही. नावावरून अर्थ गृहीत धरला की इतरत्रही फसगत होते. आयत 30 वर सरकवावा म्हणून एका मुलीने ‘सेटलेफ्ट’ वापरले. खाट सरकली नाही, अरुंद झाली. कारण ‘सेटलेफ्ट’ उजवी बाजू जागीच ठेवून केवळ डावी बदलते. सबंध आयत हलविण्यासाठी ‘मूव्हलेफ्ट’ आहे.

नववीच्या बीजगणितात संचांचा छेद आणि संयोग आपण शिकतो. क्यूरेक्टमध्ये ‘इंटरसेक्टेड’ आणि ‘युनायटेड’ आहेत. बाजू 100 चा एक चौरस (0, 0) पासून आणि दुसरा (60, 70) पासून घ्या. छेद येतो 40 गुणिले 30, म्हणजे 1200 पिक्सेल. येथवर पाठ्यपुस्तक आणि संगणक यांचे एकमत आहे. संयोग मात्र 18800 पिक्सेलांचा असावयास हवा, तर ‘युनायटेड’ 160 गुणिले 170, म्हणजे 27200 पिक्सेलांचा आयत देते. दोन्ही चौरसांना सामावून घेणारा तो सर्वांत लहान आयत आहे. त्यातील 8400 पिक्सेल दोहोंपैकी कोणाचेच नाहीत. आयताची बेरीज आयतच यावी, या अटीची ती किंमत आहे.

तास संपताना मुलींनी एकच ओळ बदलली. ‘राइट’च्या जागी डावी बाजू अधिक रुंदी असे लिहिले. दहावी खाट 540 वर गेली आणि ओळ पट्टीशी तंतोतंत जुळली. “म्हणजे सर, आमचा हिशेब बरोबर होता!” ती मुलगी म्हणाली. होय, हिशेब बरोबर होता. चूक राहिली होती ती शब्दाचा अर्थ न तपासता स्वीकारण्यात, आणि ती शोधून काढली तीही त्यांच्याच मोजणीने.

विद्यार्थीमित्रहो, पुढील उदाहरणे वहीत सोडवा आणि मगच संगणकावर पडताळा.

1) एका क्यूरेक्टची डावी बाजू 25 आणि रुंदी 40 आहे. ‘राइट’ काय सांगेल आणि खरी कडा कोठे असेल?

2) त्याच आयतावर ‘सेटलेफ्ट’ने डावी बाजू 35 केली, तर रुंदी किती उरेल? ‘मूव्हलेफ्ट’ने केली असती, तर?

3) एक आयत 0 पासून 100 रुंदीचा, दुसरा 100 पासून 100 रुंदीचा. दोहोंची उंची आणि वरची बाजू समान. त्यांचा एक तरी पिक्सेल सामाईक आहे काय?

उत्तर संगणकाशी जुळले नाही, तर लगेच खोडरबर हाती घेऊ नका. आधी पुन्हा मोजा, मग पुस्तिका उघडा, आणि त्यानंतरही शंका उरली तर ती घेऊन आमच्याकडे या.