शय्याव्रण कसे टाळावे?

एका आजारासाठी रुग्णालयात आलेल्या रुग्णाच्या पाठीला अंथरुणामुळेच दुसरे दुखणे जडावे, ही शुश्रूषेतील मोठी उणीव होय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असे मत मांडले आहे. अत्यवस्थ रुग्णांत काही व्रण उत्तम काळजी घेऊनही टळत नाहीत, हे खरे; तथापि बहुतेक टाळता येतात. म्हणून परिचर्या शिकणाऱ्यांनी हा पाठ आरंभीच पक्का करावा.

कारण : हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो व तेथील पेशी मरू लागतात. निरोगी मनुष्य झोपेतही कूस बदलतो. बेशुद्ध, पक्षाघात झालेल्या किंवा फार अशक्त रुग्णाला ते जमत नाही. घाम व लघवीचा ओलावा, निकृष्ट आहार आणि चादरीवरून ओढले जाणे यांमुळे धोका वाढतो.

कोठे पाहावे? : उताण्या रुग्णाचे डोके मागील बाजूने, खांद्याची पाती, कोपरे, माकडहाडाचा भाग व टाचा, कुशीवर असल्यास कान, खांदा, खुबा, गुडघे व घोटे.

ओळख : लाल झालेल्या जागी बोटाने हलकेच दाबावे. दाबल्यावर ती फिकट न होता लालच राहिली, तर ती व्रणाची पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे शेजारच्या त्वचेशी तुलना करून काळसर वा जांभळट रंग, ऊब, कडकपणा आणि वेदना यांकडे लक्ष द्यावे.

उपाय : साधारणपणे दर २ तासांनी कूस बदलावी, त्वचेवर खूण दिसल्यास त्याहून लवकर. पाठीमागे उशी देऊन रुग्णाला सुमारे ३० अंश कलते ठेवावे, म्हणजे सर्व भार खुब्यावर येत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला ओढू नये. दोघांनी चादरीच्या साहाय्याने उचलावे. त्वचा ओली होताच धुऊन, न घासता टिपून कोरडी करावी. दूध, अंडी, डाळ व पुरेसे पाणी वैद्यांच्या सल्ल्याने द्यावे.

काय करू नये? : लाल जागा स्पिरिटने चोळण्याची जुनी रीत आता त्याज्य ठरली आहे; चोळल्याने दुखावलेल्या पेशींना अधिकच इजा होते. रबरी कडेही वापरू नये, कारण त्याच्या काठाखालील रक्तप्रवाह दाबला जातो.

प्रत्येक वेळी कूस आणि वेळ यांची नोंद करावी. बदल दिसताच वॉर्डच्या सिस्टरना कळवावे. रुग्ण घरी जाण्यापूर्वी हीच कृती त्याच्या नातेवाइकांकडून करवून घ्यावी, कारण पुढील अनेक रात्री त्याची कूस त्यांनाच बदलावयाची असते.