पांडवांची भिंत आणि आमची विहीर

मुलांनो, आपल्या धुळ्याकडच्या माळावर काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती दिसतात. लहानपणी मी आजोबांना विचारले, "ही कोणी बांधली?" ते म्हणाले, "हाई भित पांडवसनी बांधेल शे." मला ते पटले. दगडही कसे, सरपण रचून ठेवावे तसे आडवे!

भूगोलाचा अभ्यासक अशा वेळी लगेच हो म्हणत नाही आणि हसतही नाही. तो आधी जाऊन बघतो. दगडांमध्ये चुना आहे का? नाही. भिंतीला पाया आहे का? नाल्याच्या कापात बघा, ती खोल जमिनीत गेलेली दिसते. मग ती बांधणार कोण? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला. जमिनीच्या उभ्या भेगांत तो रस शिरला आणि थिजला. भेगेच्या दोन्ही कडांकडून आत तो निवत गेला, म्हणून दगडांचे खांब आडवे झाले. पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि ही भिंत उभी राहिली. हिला डाईक म्हणतात.

पण एक भिंत बघून भागत नाही. मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी उपग्रहाची चित्रे पाहिली आणि शिवारात हिंडून मोजमापे घेतली. नंदुरबार-धुळे भागातल्या २१० डाईकचा त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली सर्वांत लांब भिंत साक्री-धुळे-पारोळा अशी ७९ किलोमीटर आहे. म्हणजे धुळे जिल्ह्यातली भिंत जळगाव जिल्ह्यात जाते! सगळ्या नकाशावर मांडल्या तेव्हा दिसले, की बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम आहेत. भाकरी दोन्ही हातांनी ओढली तर ती ओढीला आडवी तुटते. तशीच इथली जमीन तेव्हा उत्तर-दक्षिण ताणली गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. एकट्या भिंतीवरून हे कळले नसते.

आता माझी चूक सांगतो. आमच्या वडिलांनी अशाच एका भिंतीच्या खालच्या अंगाला विहीर खोदली. सात परस गेलो, तरी ठणठणीत कोरडी! वरच्या अंगाच्या विहिरीला मात्र भरपूर पाणी. डाईक जमिनीखाली बांधासारखी पाणी अडवते, हे मी नंतर वाचले. झाले! मी ज्याला-त्याला सांगत सुटलो, "भिंतीच्या वरच्या अंगालाच खोदा." शेजारच्या काकांनी माझे ऐकून दुसऱ्या एका भिंतीजवळ कर्ज काढून विहीर खोदली. पाणी लागले नाही. काका मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचेच जास्त वाईट वाटले.

मग मी दोरीला गाठी मारून दोन्ही भिंतींजवळच्या विहिरी मोजल्या, वहीत लिहिल्या, नकाशा काढला. तेव्हा ध्यानात आले. काकांच्या शेताजवळची भिंत भेगाळलेली होती. पाणी तिच्यातून पार होऊन खालच्या विहिरींना जात होते. नियम खोटा नव्हता, पण अर्धा होता. मी एका विहिरीवरून सगळ्या शिवाराचा निकाल दिला होता.

मुलांनो, भूगोल असाच पुढे जातो. प्रश्न विचारा, जाऊन बघा, मोजा, नकाशावर मांडा, आणि न जुळणारी नोंद लपवू नका. तीच आपल्याला शिकवते.

करून पाहा : तुमच्या घराजवळच्या विहिरीचे पाणी काठापासून किती खाली आहे, ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन मोजा. आकडे या फलकाशेजारच्या तक्त्यात लिहा. अंदाजाने लिहू नका. एखाद्या महिन्यात मोजायचे राहिले, तर जागा कोरी सोडा.