पालकांच्या मासिकांतील जाहिरात

मुलांच्या शिक्षणास वाहिलेलें मासिक घरीं आलें म्हणजे आई-वडील त्यांतील लेख वाचतात व जाहिराती नुसत्या चाळतात, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मतें गोष्ट बहुधा उलट असते. लेख उद्यांवर टाकला जातो. परंतु बक्षिसाची ढाल हातीं घेतलेला हंसरा मुलगा व त्याच्याकडे कौतुकानें पाहणारी माता हें चित्र मनांत घर करून राहतें. तेव्हां हा जाहिरातींचा व्यवहार कसा चालतो, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकत्र बसून समजून घ्यावें, या हेतूनें हा पाठ लिहीत आहों.

याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. न्यूयॉर्क शहरीं जॉर्ज हेक्ट या गृहस्थांनीं ऑक्टोबर १९२६ मध्यें ‘चिल्ड्रेन, दि मॅगझिन फॉर पेरेंट्स’ या नांवाचें मासिक काढलें. १९२९ सालीं त्याचें नांव ‘दि पेरेंट्स मॅगझिन’ असें झालें. क्लॅरा सॅव्हेज लिटलडेल या बाई त्याच्या संपादिका होत्या. रॉकफेलर घराण्याच्या एका निधीनें त्यास द्रव्यसाहाय्य केलें, आणि कोलंबियाचें अध्यापक महाविद्यालय, तसेंच येल, आयोवा व मिनेसोटा या विद्यापीठांचा त्यांत भाग होता. मूल नीट जेवत नाहीं, खोटें बोलतें, अंधारास भितें, अशा प्रश्नांवर जें कांहीं छापून येई त्याच्यामागें विद्वानांचें बळ आहे, असा वाचकांचा विश्वास बसला.

जाहिरातदारास हा विश्वासच हवा असतो. दैनिक पत्रांतील जाहिरात ब्रह्मचाऱ्यापासून निपुत्रिक वृद्धापर्यंत सर्वांपुढें जाते. तिचा बराच पैसा पाण्यांत पडतो. येथें मात्र बहुतेक वाचक लहान मुलांचे आई-बाप, आणि तेही ‘आपलें कोठें चुकत तर नाहीं ना?’ या शंकेनें मासिक उघडणारे. लेख ती शंका जागी करतो. शेजारचें पान तिच्यावरील उपाय विकत देतें. दोघांनीं आधीं संगनमत केलेलें असतें असें नव्हे. शेजारच बोलतो.

त्या मासिकानें याहून एक पाऊल पुढें टाकलें. आपल्या पानांत जाहिरात करणाऱ्या मालास तें पसंतीची मुद्रा देई, आणि ती मुद्रा मालाच्या वेष्टनावर झळके. मुद्रेच्या शब्दांतच ‘या मासिकांत जाहिरात केल्याप्रमाणें’ अशी पुस्ती होती. घाईंत खरेदी करणारी आई ती कितपत वाचीत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा. ‘गुड हाउसकीपिंग’ या दुसऱ्या गृहोपयोगी मासिकाच्या अशाच मुद्रांविषयीं व हमीविषयीं तेथील फेडरल ट्रेड कमिशननें १९३९ सालीं तक्रार दाखल केली व १९४१ सालीं दिशाभूल करणारे दावे थांबविण्याचा हुकूम दिला. तरीहि सर्वच लबाडी होती असें आम्ही म्हणत नाहीं. जाहिरातींच्या उत्पन्नामुळें वर्गणी हलकी राहते आणि चांगले लेख बेताच्या मिळकतीच्या घरींहि पोंचतात. पेरेंट्सचे नियमित छापील अंक २०२२ सालीं बंद झाले. परंतु ती विक्रीची रीत कांहीं बंद झाली नाहीं.

आमच्याकडे ती शिकवणीवर्गांच्या रूपानें विशेष आढळते. ‘आमचे बारा विद्यार्थी नव्वद टक्क्यांवर’ असें एक वाक्य घेऊं. हे बारा कितींतले? साठांतले असतील तर पांचांत एक; सहाशांतले असतील तर पन्नासांत एक. त्यांतील किती मुलें वर्गांत येण्यापूर्वींच नव्वदाच्या घरांत होतीं? आणि किती जण केवळ पंधरा दिवस सराव-परीक्षा देण्यास आले होते? वाक्य खोटें नसतें, परंतु त्याचा छेद झांकलेला असतो. अपूर्णांकाचा छेद झांकला तर गणिताचे मास्तर शून्य गुण देतील! नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें शिकवणीवर्गांच्या जाहिरातींसाठीं मार्गदर्शक नियम काढले. यशाची खोटी हमी देण्यास त्यांत मनाई आहे. यशस्वी विद्यार्थ्याचें नांव वा छायाचित्र वापरावयाचें तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमति घ्यावी लागते, व त्यानें कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेंहि सांगावें लागतें.

एका पालकांनीं मागें असेंच एक पान आम्हांस आणून दाखविलें. “मास्तर, आमच्या मुलाचें आतां काय होणार?” असें ते विचारीत होते, आणि मुलगा शेजारीं खालीं मान घालून उभा होता. त्याचे गुण वाईट नव्हते. त्या पानावर त्याच्याविषयीं एक अक्षर नव्हतें. जें नव्हतें तेंच वडिलांनीं वाचलें होतें. वर्गाची फी घरच्या दोन महिन्यांच्या मिळकतीहून अधिक होती.

याच अंकाच्या अखेरच्या पानांवर जाहिराती आहेत, व छपाईचा कांहीं खर्च त्यांतून भागतो, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गणवेष शिवणाऱ्या दुकानदारानें आपला पत्ता, वेळ व मापें घेण्याचे दिवस दिले आहेत. विद्यार्थ्यांनीं तें पान आणि घरीं येणाऱ्या कोणत्याहि मासिकांतील जाहिरातीचें एक पान शेजारीं ठेवावें. ज्या वाक्याची खातरी जाऊन, विचारून किंवा मोजून करून घेतां येते त्याखालीं शाईची रेघ ओढावी, ज्याची येत नाहीं त्याखालीं पेन्सिलीची. आणि तीं पानें रात्रीं जेवणानंतर आई-वडिलांस दाखवावीं.