आकाशाला टांगलेला शॉकॲब्सॉर्बर

प्रश्न : एका व्हिडिओत मोटार उंचवट्यांवरून जाते, चाकं थयथयतात, पण बॉडी ढिम्म हलत नाही. शेवटी तर ती आडव्या फळीवरून चक्क उडी मारते. हे खरं आहे का? मग अशा गाड्या आपल्या खड्ड्यांवर का धावत नाहीत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : व्हिडिओ खरा आहे. स्पीकरवाले अमर बोस यांनी १९८० साली धक्के झेलणाऱ्या या यंत्रणेचं, म्हणजे सस्पेन्शनचं, काम हाती घेतलं आणि त्यांच्या कंपनीने २००४ मध्ये ते जगाला दाखवलं. उडी हा मात्र निव्वळ शोभेचा खेळ! खरं कसब उंचवट्यांवर दिसतं.

साध्या गाडीत स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉकॲब्सॉर्बर तो तेलात जिरवतो. दोघांनाही डोकं नसतं. मऊ ठेवले तर पाठीला सुख, पण गाडी वळणावर कलंडते. कडक ठेवले तर खड्डा थेट मणक्यात. व्हिडिओतल्यासारख्या सक्रिय सस्पेन्शनमध्ये मात्र प्रत्येक चाकापाशी मोटर किंवा तेलाच्या दाबावरचा जॅक असतो. बॉडीची हालचाल सेन्सर सांगतात, आणि किती ओढायचं, किती ढकलायचं हे संगणक सेकंदाला शेकडो वेळा ठरवतो.

ठरवतो कसं? संशोधक कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये सुचवलेली कल्पना मला फार आवडते. शॉकॲब्सॉर्बरचं एक टोक बॉडीला आणि दुसरं चाकाऐवजी थेट आकाशाला अडकवलंय असं समजा. मग चाक खाली काहीही करो, बॉडी जितक्या वेगाने वर उसळेल तितक्या जोराने तिला खाली ओढायचं. आकाशात खुंटी नाही, म्हणून तिचं काम संगणकाने करायचं.

पण संगणकालाही सगळं जमत नाही. बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा डुलते, तर टायरवर चाक दहा-बारा वेळा थरथरतं. या थरथरीच्या एका ठरावीक कंपनसंख्येला बॉडीपर्यंत पोचणारा हादरा सस्पेन्शनमधल्या जोरावर अवलंबूनच राहत नाही. तो चाकाचं वजन आणि टायरचा ताठपणा ठरवतात. तिथे कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, फरक शून्य. शिवाय बॉडी स्थिर ठेवण्याचा अट्टहास केला तर चाकाची रस्त्यावरची पकड सुटते, आणि पकड सुटलेल्या चाकाला ब्रेक काय कामाचा? म्हणून नियंत्रण रचणारा इंजिनिअर आराम, पकड आणि चाकाला वरखाली व्हायला असलेली जागा या तिघांत सतत घासाघीस करत असतो.

शर्यतीत हे तंत्र एवढं प्रभावी ठरलं की १९९२ मध्ये विल्यम्स संघाच्या अशा गाडीतून नायजेल मॅन्सेल फॉर्म्युला वनचा विजेता झाला आणि १९९४ पासून त्यावर बंदीच आली. रस्त्यावर मात्र घोडं किंमत आणि वजन यांपाशी अडलं. बोस यांची यंत्रणा मोटारीऐवजी आधी ट्रकचालकाच्या सीटखाली विक्रीला आली! काही महागड्या गाड्यांत मधला मार्ग दिसतो : लोहकणमिश्रित तेलाचा शॉकॲब्सॉर्बर, जो चुंबकाच्या जोरावर क्षणात मऊ-कडक होतो. तो ढकलत नाही, फक्त अडवतो. पण वीज फार थोडी खातो.

तुमच्या गाडीत यातलं काही नसेल, तर एवढं करा : खड्ड्याआधी वेग कमी करा आणि चाक आत उतरताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला की पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात आणि धक्का झेलायला जागा उरत नाही.